विसर्जनापूर्वी मणी उतरवावेत

गौरीगणपतीच्या आराशीत प्लास्टिकच्या मण्यांची तोरणे, कंठहार, बाजूबंद घरोघरी शोभतात. तंगुसात मणी ओवताना गृहिणींच्या रात्री सरतात. त्या कलेस कृत्रिम म्हणून हिणविणे आम्हांस मान्य नाही. गीतेच्या सातव्या अध्यायातही विश्वधारणेस ओवलेल्या मण्यांचीच उपमा आहे. ओवण्याचे कर्म पवित्रच होय.

परंतु शाडूची मूर्ती जळात विरघळते. मणी आणि तंगूस विरत नाहीत, ते जलचरांस घातक ठरतात. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती हलविली, की देवत्व निरोप घेते. त्यानंतर अलंकार उतरविण्यात दोष नाही. गौरीचे मुखवटे आपण पिढ्यान्‌पिढ्या जपतोच. तसेच हे हारही पुसून पेटीत ठेवावेत. सासूने ओवलेला हार पुढील वर्षी सुनेने देवास घालावा, हीच आमची विनंती.