पंचवीसचे सहा हजार चारशे

कोथरूडच्या पत्त्यावर पत्र पाठवायचे असेल तर पाकिटावर तुम्ही काय लिहिता? आधी घराचा क्रमांक, मग रस्ता, मग कोथरूड आणि शेवटी पुणे. म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे. त्यापुढचा पिनकोड मात्र बरोबर उलटा चालतो. ४११०३८ मधला पहिला ४ हा महाराष्ट्रासह शेजारच्या काही राज्यांचा मोठा विभाग दाखवतो, ४११ वरून पुणे कळते आणि ०३८ वरून कोथरूडचे टपाल कार्यालय. एकाच पाकिटावर दोन क्रम! तरी पत्र पोहोचते, कारण १९७२ पासून हा संकेत ठरलेला आहे. 'पंचवीस' म्हणतानाही आपण पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना २ आधी लिहितो.

मायक्रोप्रोसेसरचेही असेच आहे. एका बाइटात ० ते २५५ एवढीच संख्या मावते. त्याहून मोठ्या संख्येला दोन बाइट लागतात. त्यातला थोरला २५६ च्या पटी मोजतो, धाकटा एकक मोजतो. इंटेलचा ८०८५ धाकट्याला स्मृतीत आधी ठेवतो, मोटोरोलाचा ६८०० थोरल्याला. यातले बरोबर कोणते? १९८० साली डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने या वादाला गलिव्हरच्या गोष्टीतल्या, अंडे कोणत्या टोकाने फोडावे या भांडणाची उपमा दिली. क्रम कोणता यापेक्षा तो सर्वांनी मिळून ठरवणे महत्त्वाचे, असे त्याचे म्हणणे होते.

हे मला पाठ होते, तरी मी चुकलो. कोथरूडमधल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. नववीतल्या एका मुलीने दोन आर्डुइनो बोर्ड तारेने जोडले होते. एक बोर्ड तापमान मोजून दोन बाइटांत पाठवी, दुसरा ते पडद्यावर दाखवी. पडद्यावर आकडा होता ६४००! "सर, सकाळी २५ बरोबर दाखवत होता," ती म्हणाली. मी शेरा लिहिला, 'सेन्सर सदोष', आणि गुण कापले.

घरी आल्यावर लक्षात आले, २५ गुणिले २५६ म्हणजे बरोबर ६४००. सेन्सर निर्दोष होता, थोरल्या-धाकट्याची अदलाबदल झाली होती. पण क्रमच चुकला असता तर आकडा सकाळपासून चुकायला हवा होता. मग मध्येच काय बिघडले?

याचे उत्तर बफरमध्ये आहे. तारेवरून आलेले बाइट प्रोग्रॅम उचलेपर्यंत जिथे थांबतात ती जागा म्हणजे बफर. आर्डुइनो उनोमध्ये ती ६४ बाइटांची असते. मुलीचा पाठवणारा बोर्ड सेकंदाला ५० वाचने, म्हणजे १०० बाइट पाठवत होता. दुपारी तिने घेणाऱ्या बोर्डावर घंटी बसवली आणि ती वाजताना प्रोग्रॅम सेकंदभर थांबू लागला. बफर भरला आणि पुढचे बाइट वाया गेले. वाया गेलेल्यांची संख्या सम असती तर काहीच कळले नसते. ती विषम होती, म्हणून ०, २५, ०, २५ ही रांग एका घराने सरकून २५, ०, २५, ० अशी वाचली गेली. अशा वेळी प्रोग्रॅममध्ये क्रम उलटा केला तर आकडा सुधारतो, आणि पुढचा बाइट हरवताच पुन्हा बिघडतो!

म्हणून शिक्षकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की पडद्यावरच्या आकड्याला गुण देऊ नका. तार जोडण्याआधी विद्यार्थ्याने प्रयोगवहीत चार ओळी लिहिलेल्या असाव्यात. कोणता बाइट आधी, एका वाचनाचे बाइट किती, वाचनाची सुरुवात कशी ओळखायची आणि बफर भरला तर काय. निम्मे गुण त्यांना असावेत. काही शिक्षक म्हणतात, तयार प्रोग्रॅम मिळतात, मुलांना या खोलात कशाला न्यायचे? तयार प्रोग्रॅम जरूर वापरावेत. पण दुपारी तीन वाजता आकडा बिघडतो तेव्हा तो प्रोग्रॅम लिहिणारा टेबलाशी उभा नसतो, नववीतली मुलगी उभी असते. आणि तिच्यासमोर माझ्यासारखा घाईतला परीक्षक!

याची फिकीर मोठ्या यंत्रांनाही करावी लागते. १९९१ साली सी-डॅकने पुण्यात 'परम ८०००' हा महासंगणक उभारला. त्यातले ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांशी अशाच, एकामागून एक बिट धाडणाऱ्या सीरियल तारांनी बोलत. तिथे प्रत्येक बाइटाची समोरून पोच यायची आणि पोच आल्याखेरीज पुढचा बाइट निघत नसे. तुमच्या शाळेतल्या तारेवर अशी पोच नाही. ती सोय तुम्हीच करायला हवी.

करून पाहा. प्रत्येक वाचनाआधी १७० हा खुणेचा बाइट पाठवा (तापमान तिथवर जात नाही) आणि ती खूण दिसेपर्यंत घेणाऱ्या बोर्डाला काही वाचू देऊ नका. मग मुद्दाम त्याचा प्रोग्रॅम तीन सेकंद थांबवा. खुणेसह आणि खुणेशिवाय काय आकडे येतात, ते वहीत शेजारी शेजारी लिहा. पण तपासताना तापमान ० धरू नका. दोन्ही बाइट सारखेच असल्याने तिथे उलटा क्रमही सुलटाच दिसतो. २५७ या संख्येचेही तसेच होते. का, ते तुम्ही शोधा.