शेजारच्या शेतातील शहाणपण

मृग नक्षत्र जवळ आले की कृषिखात्याच्या कचेऱ्यांतून लगबग सुरू होते. बियाणे येते, खते येतात, गावोगावी शिबिरे भरतात, पत्रके वाटली जातात आणि वर्षअखेरच्या अहवालात किती शिबिरे झाली व किती शेतकऱ्यांनी त्यांचा लाभ घेतला याचे आकडे छापून येतात. या आकड्यांविषयी आमची तक्रार नाही. शिबिरे भरली नसती तर पहिली टीका आम्हीच केली असती. परंतु शिबिरात ऐकलेली गोष्ट शेतकऱ्याने घरी जाऊन शेजाऱ्याला सांगितली काय, शेजाऱ्याने ती आपल्या शेतात करून पाहिली काय आणि ते पाहून तिसरा पुढे आला काय, या प्रश्नांची उत्तरे अशा अहवालांत सहसा सापडत नाहीत. वास्तविक शेतीविषयक सल्ला सफल झाला की वाया गेला, हे याच उत्तरांवरून ठरावयाचे असते.

सरकारी माणूस प्रत्येक बांधावर पोहोचू शकत नाही, हे उघड आहे. राष्ट्रीय नमुना पाहणी संघटनेने २००३ साली देशातील शेतकरी कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा आधुनिक तंत्राची माहिती कोणत्या ना कोणत्या मार्गाने मिळवणारी कुटुंबे सुमारे ४० टक्केच आढळली. एकूण कुटुंबांपैकी १६.७ टक्क्यांनी ती प्रगतिशील शेतकऱ्यांकडून मिळवली होती आणि १३.१ टक्क्यांनी खतेबियाण्यांच्या दुकानदाराकडून. सरकारच्या विस्तार कार्यकर्त्याकडून ती मिळवणारी कुटुंबे होती अवघी ५.७ टक्के. याचा अर्थ खात्याची माणसे कुचकामी आहेत असा आम्ही करीत नाही. शेतकऱ्याचा खरा शिक्षक शेतकरीच असतो, एवढाच त्याचा अर्थ. मग त्या शिक्षकाची शाळा कशी चालते, हे मोजून पाहण्याची तसदी आपण का घेत नाही?

असे मोजमाप अशक्य नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघा अभ्यासकांनी संकरित मक्याच्या प्रसाराची हकीकत शेतकऱ्यांनाच विचारून नोंदली आणि १९४३ साली प्रसिद्ध केली. दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांना त्यांनी हे बियाणे प्रथम केव्हा ऐकले, कोणाकडून ऐकले आणि केव्हा पेरले असे प्रश्न विचारले. १९४१ पर्यंत दोघे वगळता सर्वांनी ते स्वीकारले होते. पण प्रारंभीची चाल गोगलगाईची होती. १९३३ पर्यंत जेमतेम दहा टक्के शेतकरी त्याकडे वळले आणि पुढच्या तीनच वर्षांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांवर गेले. बियाण्याची पहिली वार्ता बहुतेकांना विक्रेत्यांनी दिली होती. तथापि पेरण्याचा निश्चय कोणामुळे झाला असे विचारता सर्वांत अधिक नावे शेजाऱ्यांची निघाली. विक्रेत्याने माहिती दिली, विश्वास मात्र शेजाऱ्याच्या कणसांनी दिला. माहिती पोहोचणे आणि विश्वास बसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत व त्या निरनिराळ्याच मोजल्या पाहिजेत, हा त्या अभ्यासाचा धडा ऐंशी वर्षांनंतरही शिळा झालेला नाही.

आपल्या देशात हा धडा अर्धाच घेतला गेला. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून जागतिक बँकेच्या साहाय्याने अनेक राज्यांत 'प्रशिक्षण आणि भेट' पद्धत आली. ग्रामसेवकाने ठरलेल्या दिवशी पंधरवड्याला निवडक 'संपर्क शेतकऱ्यां'ना भेटावे, नवे तंत्र सांगावे आणि त्यांनी ते गावात पसरवावे, अशी ती कल्पना. भेटींची वेळापत्रके काटेकोर होती, वह्या भरत होत्या. परंतु संपर्क शेतकऱ्यापुढे सल्ला किती झिरपला याचा धांडोळा घेतला गेला तेव्हा उत्तर समाधानकारक येईना. पुष्कळ ठिकाणी हे निवडक शेतकरी गावातील मोठे व वजनदार लोक होते. त्यांच्यापाशी पाण्याची सोय होती, हाताशी पैसा होता. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही अशा लहान शेतकऱ्याला त्यांचे पीक पाहून हेवा वाटला असेल, अनुकरणाचे धैर्य झाले नाही. शतकाच्या अखेरीस ती पद्धत मागे पडली.

मोजमापातही एक फसवणूक संभवते आणि तिच्याविषयी सावध राहणे अवश्य आहे. एकाच वांगडातील दोन शेतकऱ्यांनी एकाच वर्षी एकच नवे भात लावले, म्हणून एकाने दुसऱ्याचे पाहून लावले असे म्हणता येत नाही. दोघांनाही एकाच सोसायटीतून तेच सवलतीचे बियाणे मिळालेले असेल. दोघांच्याही शेतावर तोच पाऊस पडला असेल. म्हणून निव्वळ क्षेत्राचे आकडे गोळा करून 'प्रसार झाला' असा डंका पिटणे योग्य नव्हे. कोण कोणाशी शेतीच्या गोष्टी बोलतो, हेच विचारावे लागते. घाना देशातील अननस उत्पादकांचा अभ्यास करताना टिमोथी कॉन्ली आणि क्रिस्टोफर उड्री यांनी नेमके हेच केले. ज्याच्याशी आपले बोलणे होते अशा शेतकऱ्याला अनपेक्षितपणे चांगला नफा झाला, की पुढील लागवडीत लोक आपल्या खताचे प्रमाण त्याच्या प्रमाणाकडे वळवीत, असे त्यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसते. शेजारी असणे पुरेसे नव्हते, बोलणे असावे लागत होते.

आता आपल्या गोमंतकाकडे वळू. हरितक्रांतीच्या काळातील भारतीय आकडेवारी तपासून कैवन मुन्शी यांनी २००४ साली एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. गव्हाचे नवे वाण पेरणारे शेतकरी शेजाऱ्याच्या अनुभवावरून चटकन शिकले. भात लावणारे मात्र तसे शिकू शकले नाहीत. गव्हाचे ते वाण निरनिराळ्या जमिनींत सारखे उतरत, तर भाताचे नवे वाण जमीन व पाणी यांतील लहानसहान फरकांनीही दगा देत. साहजिकच भातशेतकऱ्याला दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबता येत नसे, आपल्याच तुकड्यावर प्रयोग करून पाहावा लागे. गोमंतकीय शेतकऱ्याला हे सांगावयास नको. मोरडावरील सरद भात निराळे, खेर जमिनीतले निराळे आणि खाजनातले त्याहून निराळे. एकाच गावात मानशीच्या अलीकडचे शेत गोडे राहते आणि पलीकडच्या शेतात बांध फुटून खारे पाणी शिरते. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खारेपणा सोसणारे 'गोवा धान' मालिकेतील वाण तयार केले आहेत. त्यांची परीक्षा मोरडावरच्या शेतकऱ्याने केली काय आणि न केली काय, खाजनातल्या कुळाला त्यातून काहीच उमगणार नाही. त्याला आपल्यासारखेच खारे शेत कसणारा दुसरा कोणी डोळ्यांसमोर हवा.

आणि असा दुसरा कोणी आज दिसेनासा होत आहे, हीच आमच्या चिंतेची खरी बाब आहे. घरातील तरुण नोकरीला गेले, मजूर मिळेना, गुरे मोकाट, रानडुकरांचा उपद्रव. अशा नाना कारणांनी वांगडच्या वांगड पडीक पडत चालले आहेत. एक शेत पडीक पडते तेव्हा केवळ तेवढे भात कमी होत नाही. त्या शेताकडे पाहून शिकणाऱ्या चौघांचा फळाच पुसला जातो. वायंगणाची लावणी कधी धरावी, मानशीचे दरवाजे केव्हा लावावेत, कोणत्या रोगाची चाहूल कशावरून ओळखावी, हे ज्ञान पुस्तकात थोडे आणि बांधावरच्या बोलण्यात अधिक आहे. बोलणारेच विरळ झाले, तर उत्तमोत्तम वाणही संशोधन संस्थेच्या कुंपणाबाहेर फार दूर जाणार नाही.

यावर उपाय म्हणून आम्ही मोठ्या खर्चाची योजना सुचवीत नाही. खाजन, खेर आणि मोरड या तिन्ही प्रकारची काही गावे निवडावीत. चिठ्ठ्या टाकून त्यांतील निम्म्या गावांत यंदा प्रशिक्षण द्यावे, उरलेल्यांत पुढील वर्षी. म्हणजे तुलनेला आधार मिळेल आणि कोणावर कायमचा अन्यायही होणार नाही. हंगाम सरल्यावर शिबिराला न आलेल्या शेतकऱ्यांकडे जाऊन चार प्रश्न विचारावेत : काय ऐकले, कोणाकडून ऐकले, किती जागेत करून पाहिले, आणि केले असल्यास पुढे चालू ठेवले की सोडले. सोडून देणाऱ्याचे कारण तर अगत्याने लिहून घ्यावे. त्याच्या अनुभवात शास्त्रज्ञालाही शिकण्याजोगे असते. हे प्रश्न जमिनीच्या उताऱ्यावर नाव असलेल्या पुरुषालाच विचारून भागणार नाही. लावणी करणाऱ्या, तण काढणाऱ्या स्त्रियांमध्ये शेतावर जे बोलणे चालते, त्याची दखल घेतल्याविना ही मोजणी अपुरी राहील.

सल्ला पसरवण्यासाठी माणसे निवडताना आफ्रिकेतील मलावी देशाचा अनुभव उपयोगी पडेल. तेथील प्रयोगांत असे दिसले, की पुष्कळ शेतकरी एकाच माणसाचे ऐकून नवे तंत्र स्वीकारीत नाहीत. दोघांकडून ऐकले, पाहिले म्हणजे त्यांचे मन वळते. तसेच गावातील बड्या प्रस्थापेक्षा आपल्यासारखाच बेताचा शेतकरी लोकांना अधिक पटतो; परंतु त्याने इतरांना समजावण्यात वेळ घालवावा असे वाटत असेल, तर त्याला काही मोबदला द्यावा लागतो. आपल्याकडे शेतकऱ्याचे शिकवणे धर्मार्थ समजले जाते. ज्याचे शेत पाहायला वाहने भरून माणसे आणली जातात, त्याच्या वाट्याला बहुधा एक शाल आणि एक नारळ येतो. त्याच्या खोळंबलेल्या कामाची भरपाई कोणी करावयाची?

या मोजणीचे आकडे कित्येकदा निराशाजनक येतील, याची आम्हांला जाणीव आहे. शंभर जणांना शिकवलेली गोष्ट दहा जणांपर्यंतही पोहोचली नाही, असे छापण्यास धैर्य लागते. परंतु तसे आकडे आले म्हणून कर्मचाऱ्यांना दोष देण्याची घाई लोकप्रतिनिधींनी करू नये. तसे केल्यास पुढील वर्षी आकडे सुधारतील आणि शेते मात्र होती तशीच राहतील. कृषिखात्याने येत्या हंगामात निदान एका तालुक्यापुरता तरी हा उपक्रम हाती घ्यावा आणि त्याचा निष्कर्ष, तो कसाही असो, जनतेपुढे ठेवावा, अशी आमची सूचना आहे. ज्या गावात अद्याप चार शेते शेजारी शेजारी पिकत आहेत, तेथे हे काम आजच होण्यासारखे आहे. त्या चारांतले एकच उरल्यावर विचारावयास जाणार कोणाकडे?