‘रीस्टार्ट करून बघितलंस का?’

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला आईचा व्हिडिओ कॉल आला. मोबाइलवर आई नव्हती, कराडच्या घरातला टीव्ही होता आणि त्या टीव्हीवर एक गोल फिरत होता. मागून आईचा आवाज आला, “अगं, कालपासून हे असंच फिरतंय. मी कशालाही हात लावलेला नाही.”

हे शेवटचं वाक्य तुमच्याही ओळखीचं असेल. घरातलं कुठलंही यंत्र बंद पडलं की आपल्या आया आधी स्वतःची बाजू मांडतात. आरोप व्हायच्या आधीच खुलासा. आणि त्या रविवारी मी तो आरोप केलाच. “रीस्टार्ट करून बघितलंस का? वायफाय चालू आहे ना? रिमोटवर काहीतरी दाबलं गेलं असणार. मागच्या वेळी सांगितलं होतं ना मी?” पाऊण तास हे चाललं. शेवटी मी तिला फॅक्टरी रीसेट करायला लावलं. मग त्या डब्याने ईमेल, पासवर्ड, ओटीपी सगळं नव्याने मागितलं. चष्मा लावून, एकेक अक्षर रिमोटने शोधत तिने ते भरलं. एवढं झाल्यावर डब्याने सांगितलं की तिला हवं असलेलं अ‍ॅप या उपकरणावर उपलब्ध नाही.

“जाऊ दे गं,” आई म्हणाली. “मला नाही कळत यातलं. मी रेडिओ लावते.”

दोन दिवसांनी शोधाशोध केल्यावर मला कळलं, की अ‍ॅपवाल्यांनी त्या मॉडेलला पाठिंबा देणंच बंद केलं होतं. डबा धडधाकट होता. वायफाय ठीक होतं. आईने खरंच कशालाही हात लावला नव्हता. ज्या कुणाचा हात लागला होता तो कुठल्या तरी दूरच्या ऑफिसात बसला होता आणि त्याने आम्हाला विचारलंही नव्हतं.

म्हणून हा लेख. ‘मला नाही कळत यातलं’ या वाक्यावर एक अख्खा धंदा उभा आहे आणि त्या धंद्याचे बिनपगारी कर्मचारी आपण आहोत. कंपनीने काहीतरी बदलायचं, घरातलं यंत्र अडायचं, आईवडिलांनी स्वतःला अडाणी समजायचं आणि आपण पुण्यामुंबईतून, बंगळुरातून, न्यू जर्सीतून फोनवर त्यांच्यावर खेकसायचं. या सगळ्यात कंपनीचं नावही कुणी घेत नाही.

माझ्या घरची गोष्ट आहे म्हणून मी चिडून बोलते आहे असं वाटत असेल, तर एक जगजाहीर उदाहरण घ्या. ९ मार्च २०२५ रोजी जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट एकाएकी चालेनासे झाले. २०१५ साली बाजारात आलेली ही छोटी चकती टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लटकवायची आणि फोनवरचं टीव्हीवर बघायचं. ती बिघडली नव्हती. ‘हे उपकरण अस्सल आहे’ असं फोनला पटवून देणारं डिजिटल प्रमाणपत्र तिच्यात असतं. त्या प्रमाणपत्रांच्या साखळीतल्या एका कडीची मुदत दहा वर्षांची होती. ती संपली आणि लाखमोलाची नसली तरी पैसे मोजून घेतलेली वस्तू गप्प झाली. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, हे मान्य. पण तोवर त्यांना लोकांना काय सांगावं लागलं? फॅक्टरी रीसेट करू नका. म्हणजे जो उपाय आपण वर्षानुवर्षं आईला सांगत आलो, तोच तिथे घोळ वाढवणारा होता. ज्यांनी मुकाट्याने आज्ञा पाळून रीसेट मारला, ते जास्त अडकले.

हे काही एकट्या गूगलचं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्स काही जुन्या रोकू डब्यांवर आणि सॅमसंगच्या काही जुन्या टीव्हींवर चालायचं बंद झालं. १७ जून २०२५ पासून भारतात प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या, त्या नको असतील तर वर्षाच्या वर्गणीवर आणखी पैसे. वस्तू तीच, भिंत तीच, सोफा तोच, पण विकत घेताना ठरलेल्या अटी मात्र बदललेल्या. आणि आपल्याला हे नवीन आहे असंही नाही. डिशची कंपनी बदलली की जुना सेट-टॉप बॉक्स माळ्यावर जातो, कारण एका कंपनीचा डबा दुसरीकडे चालत नाही. तो चालावा अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली होती. माळ्यावर चढून बघा, डबा तिथेच असेल.

आता कुणी म्हणेल, बाई, दर वेळी कंपनीच दोषी नसते, घरातही बिघाड होतात. होतात ना. म्हणूनच घरचा बिघाड कुठला आणि बाहेरचा कुठला, हे ओळखता आलं पाहिजे. ते अवघड नाही.

स्टिक किंवा डबा मधूनच बंद होऊन पुन्हा चालू होत असेल, तर तो टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून वीज घेतोय का ते बघा. जुन्या पोर्टमधून जेमतेम अर्धा अँपिअर मिळतो, तेवढ्यात त्याचं भागत नाही. सोबत आलेला अ‍ॅडॉप्टर भिंतीतल्या प्लगला लावा. टीव्हीच्या पाठीमागे डबा तापत असेल, तर एचडीएमआयची छोटी एक्स्टेन्शन वायर लावून त्याला मोकळ्या हवेत आणा. चित्र अडखळत असेल, तर आधी ‘नेट स्लो आहे’ म्हणून महागडा प्लॅन घेऊ नका. नेटफ्लिक्सच्याच म्हणण्याप्रमाणे फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. तुमच्याकडे १०० चा प्लॅन असेल तर अडतंय ते राउटर आणि टीव्ही यांच्यामधल्या दोन जाड भिंतींपाशी. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण भिंतीपलीकडे दमतं. २.४ चं लांब पोचतं, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांच्या गर्दीत सापडतं. शक्य असेल तर सरळ लॅन केबल टाका, एकदाच खिळे ठोकावे लागतील. मेन्यू रांगत असेल तर स्टोरेज भरलंय, नको ती अ‍ॅप काढा. आणि सगळंच एकदम रुसलं असेल तर तारीख-वेळ तपासा. डब्याचं घड्याळ चुकलं की त्याला सगळी प्रमाणपत्रं खोटी वाटायला लागतात.

यानंतर दोन परीक्षा करा. तेच अ‍ॅप, त्याच वायफायवर, फोनमध्ये चालतंय का? आणि त्याच डब्यावर दुसरं अ‍ॅप चालतंय का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर नेट ठीक आहे, डबाही जिवंत आहे, गडबड त्या अ‍ॅपची आणि त्या मॉडेलची आहे. इथे थांबायचं. रीसेट करायचा नाही, ओरडायचं तर अजिबातच नाही. अ‍ॅपच्या मदत-पानावर जाऊन आपलं मॉडेल यादीत उरलंय का ते बघायचं. मी त्या रविवारी एवढंच केलं असतं, तर आमचा दोघींचा दिवस वाचला असता.

नवा डबा घ्यायची वेळ आलीच तर दुकानदार तुम्हाला फोर-के, डॉल्बी आणि व्हॉइस रिमोट दाखवेल. तुम्ही वेगळे प्रश्न विचारा. रॅम किमान २ जीबी आहे का? एव्ही१ हा नवा व्हिडिओ प्रकार तो हार्डवेअरमधूनच उलगडतो का? लॅन पोर्ट आहे का, निदान अ‍ॅडॉप्टर जोडता येतो का? अँड्रॉइडचा असेल तर वाइडवाइन एल-वन आहे का? ते नसेल तर खोक्यावर कितीही ‘फोर-के’ छापलेलं असो, मोठी अ‍ॅप तुम्हाला सहसा धुरकट चित्रावरच बोळवतात. आणि टीव्हीतच सगळं आलंय, मग वेगळा डबा कशाला, हा विचार असेल तर एवढं लक्षात घ्या की टीव्हीचा पडदा त्याच्या आतल्या प्रोसेसरपेक्षा बराच जास्त टिकतो. तीन-चार हजारांचा डबा बदलणं परवडतं, चाळीस हजारांचा टीव्ही नाही. टीव्हीला पडदाच राहू द्या.

एक डबा मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका. ‘एकदा पैसे भरा, सगळे चॅनेल, सगळे ओटीटी आयुष्यभर मोफत’ असं म्हणत ऑनलाइन बाजारात फिरणारा, कंपनीचं धड नाव नसलेला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ नावाच्या जाळ्याबद्दल इशारा दिला. अशा स्वस्त, अप्रमाणित उपकरणांमध्ये कारखान्यातून येतानाच, किंवा पहिल्यांदा चालू करताना उतरवलेल्या अ‍ॅपमधून, घातक सॉफ्टवेअर शिरतं आणि तुमचं घरचं इंटरनेट परक्यांना भाड्याने दिलं जातं. पुढच्याच महिन्यात गूगलने या टोळीवर खटला भरला, तेव्हा बाधित उपकरणांचा आकडा एक कोटीच्या वर असल्याचं सांगितलं. कुणाच्या तरी फसवणुकीचा माग काढत पोलीस आले, तर तो धागा तुमच्या आईच्या दिवाणखान्यात येऊन थांबेल. फुकटचा सिनेमा असा महाग पडतो.

पण खरी गोम पुढेच आहे. वरचे सगळे प्रश्न विचारून, चांगला, प्रमाणित डबा घेतला तरी सगळ्यांत महत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला सहसा दुकानात मिळत नाही: हा कधीपर्यंत चालेल? वॉरंटी विचारत नाहीये मी. ती वर्षभराची असते आणि ती वस्तूबद्दल बोलते. मला विचारायचंय की कंपनी त्याला सुरक्षेचे अपडेट कुठल्या तारखेपर्यंत देणार आहे.

पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर ते कधीपर्यंत खायचं ते लिहिलेलं असतं. खुद्द या डब्याच्या खोक्यावरही, वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे, एमआरपी, महिना-वर्ष, उत्पादक किंवा आयातदाराचा पत्ता आणि तक्रारीचा नंबर छापावाच लागतो. त्याच चौकटीत आणखी एक ओळ छापायची: ‘अपडेट अमुक तारखेपर्यंत.’ शाई किती लागेल? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांसाठी सुरक्षा-अपडेटची किमान मुदत जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. चांगलंच झालं. पण स्क्रू उघडता येऊन काय उपयोग, कुलूप जर सर्व्हरवर असेल?

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, ‘एवढ्या स्वस्तात मिळतंय, मग तक्रार कसली?’ स्वस्त आहे, कारण उरलेले पैसे ते आपल्याकडून रोज वसूल करतात. डबा सुरू केल्यावर दिसणारी पहिली स्क्रीन बघा. वरचा मोठा भाग जाहिरातीचा, खाली त्यांनी निवडलेल्या रांगा, आणि आईला हवं असलेलं मराठी नाटक शोधायला सात वेळा खाली जायचं. ती जागा विकली जाते. भाडं आपण भरतोच आहोत.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे: ‘तंत्रज्ञान बदलतं, जुनी यंत्रं कायमची कोण पोसणार?’ हे खरं आहे. जुन्या चिपला नवा व्हिडिओ उलगडत नाही, जुन्या सॉफ्टवेअरला भगदाडं पडतात. डबा अमर असावा असं मी म्हणतच नाही. मरणाची तारीख आधी सांगा, एवढंच म्हणते. आणि तारीख आली की स्क्रीनवर गोल फिरवत बसू नका. स्वच्छ मराठीत लिहा: ‘आम्ही या उपकरणाची सेवा बंद केली आहे. तुमची काहीही चूक नाही.’ हे दुसरं वाक्य लिहायला कुठली चिप लागते?

तोवर आपल्या हातात काय आहे? एक म्हणजे घेण्यापूर्वी ग्राहक सेवेला लेखी विचारणं की अपडेट कधीपर्यंत. उत्तर आलं तर जपून ठेवा, नाही आलं तर तेही उत्तरच आहे. दुसरं, जे खरंच आपलं आहे, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे वाढदिवस, पैसे देऊन उतरवून घेतलेली गाणी, ते कुणाच्या अ‍ॅपमध्ये न ठेवता फाइल म्हणून स्वतःजवळ ठेवणं. व्हीएलसी, कोडी, जेलीफिन ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, मुक्त आहेत. एक हार्ड डिस्क आणि एक जुना लॅपटॉप असला तर घरचं छोटं सिनेमागृह उभं राहतं, आणि ते कुणाला दुरून बंद करता येत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत सोपी आणि मला सगळ्यांत जड गेलेली. मी आईला परत फोन केला आणि सांगितलं, की बिघाड त्यांच्याकडून होता, तू काही केलं नव्हतंस. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “मी तेच म्हणत होते.”

पुढच्या महिन्यात कराडला गेले तेव्हा टीव्हीवर बाबा गात होते. मावसभावाच्या लग्नातला बारा वर्षांपूर्वीचा व्हिडिओ, थोडा बेसूर, मागे वाढप्यांचा गोंधळ. बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली. डबा तसाच बंद होता. आईने टीव्हीच्या बाजूला पेन ड्राइव्ह लावला होता.

“हा कसा लावलास?” मी विचारलं.

“त्यात काय कळायचंय?” आई म्हणाली. “हा आपला आहे ना.”