लहान ट्यूबला यादीची माफी

पनवेल, प्रतिनिधी - पनवेल तालुक्यातील तळोजा औद्योगिक वसाहत एरवी चर्चेत येते ती प्रदूषणामुळे; ऑगस्ट २०१७ मध्ये येथील निळे पडलेले कुत्रे देशभर गाजले होते. याच वसाहतीत गॅलॅक्सी सर्फॅक्टंट्स या कंपनीचा शाम्पू, साबण व क्रीमसाठी लागणारा कच्चा माल बनविणारा कारखाना आहे. २०१८ मध्ये शेअर बाजारात आलेल्या या कंपनीचे नाव क्रीम लावणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

क्रीमचा आधार म्हणजे इमल्सिफायर, अर्थात पायसीकारक. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. पायसीकारकाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे तेलाकडे ओढले जाते. त्यामुळे तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले राहतात. क्रीम त्वचेत मुरणार की चिकट राहणार, हेही बऱ्याच अंशी त्यावरच ठरते. ग्लिसेरिल स्टिअरेट, पॉलिसॉर्बेट, सेटोस्टिअरिल अल्कोहोल ही त्यातील नेहमीची नावे. (शेवटच्या नावातील अल्कोहोलने दचकण्याचे कारण नाही, तो मेणासारखा घन पदार्थ असतो.) मेंढीच्या लोकरीपासून मिळणारे लॅनोलिनही हेच काम करते.

बहुसंख्यांना हे पदार्थ बाधत नाहीत. मात्र लॅनोलिन किंवा सेटोस्टिअरिल अल्कोहोलची अॅलर्जी असणारे काही रुग्ण असतात. त्यांच्यासाठी 'हा घटक टाळा' हाच मुख्य उपाय, आणि तो पाळायचा तर वेष्टनावर घटकांची यादी हवी.

अडचण येथेच आहे. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने व उरलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने छापावे लागतात. परंतु ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी घन वा अर्धघन मालाच्या वेष्टनाला या यादीतून सूट आहे. जागेची अडचण समजण्यासारखी असली, तरी रोजंदारीवर जगणारे ग्राहक बहुधा हीच लहान ट्यूब घेतात. जाहिरातीतील फुलाच्या चित्राला त्याच ट्यूबवर जागा मिळते, हेही विसरता येत नाही. सूट द्यायचीच, तर निदान ज्ञात अॅलर्जीकारक घटकांची नावे तीतून वगळणे अशक्य नव्हते.

काही उत्पादक लहान वेष्टनावरही स्वेच्छेने यादी छापतात. जेथे ती नसेल तेथे त्याच क्रीमची मोठी ट्यूब दुकानदाराकडे मागून वाचणे, एवढाच मार्ग ग्राहकाला उरतो.