कागदावर मालकीण, गाडीवर डबलसीट

मैत्रिणींनो, या अंकासाठी मी मोटरसायकल आणि लायसन्स या विषयावर लिहिणार आहे हे ऐकून आमच्या गटातली एक जण म्हणाली, "अगं, हे काम ट्रॅफिक पोलिसांचं. आपल्या पानांवर कशाला?" दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. आज म्हणत नाही, कारण मधल्या काळात एक संध्याकाळ येऊन गेली.

आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर बचतगटाची बैठक होती. पावसाळ्याचे दिवस. बैठक लांबली आणि साडेआठ वाजले. आतल्या रस्त्यावर दिवे तुरळक, त्यात बिबट्याचा वावर. बायकांना चालत पाठवायची माझी तयारी नव्हती. गटातल्या एका मावशींचा मुलगा त्यांना न्यायला मोटरसायकल घेऊन आला होता. वय वर्षं सतरा. मीच त्याला म्हणाले, "सावकाश ने रे आईला." मावशी नेहमीसारख्या एका बाजूला पाय सोडून बसल्या. मांडीवर पिशवी, एक हात मुलाच्या खांद्यावर. पुढच्या वळणावर ओल्या पाचोळ्यावरून गाडी घसरली. मुलाचा कोपर सोलवटला. मावशींचं डोकं रस्त्यावर आपटलं.

जीव वाचला. पण एका कानानं ऐकू येणं बंद झालं आणि उभं राहिलं की चक्कर येते. गोरेगावात तीन घरी स्वयंपाकाची कामं होती, ती तिन्ही सुटली. त्या संध्याकाळी मी मुलाला विचारलं नव्हतं की, तुझ्याकडे लायसन्स आहे का? मावशींसाठी हेल्मेट आणलंस का? समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेतलेली, पाड्यापाड्यावर कायद्याची शिबिरं घेणारी मी. पण हा कायदा आपल्या शिबिरात यावा असं मला कधी सुचलंच नव्हतं.

मग कागद पाहायला बसले आणि खरा धक्का तिथे बसला. गाडी मावशींच्याच नावावर होती. जुनी गाडी, बचतगटाच्या कर्जातून घेतलेली. कर्ज बाईच्या नावावर, कारण बाई हप्ता चुकवत नाही. म्हणून गाडीही बाईच्या नावावर. चालवायची मात्र मुलानं. मावशींनी त्या गाडीचं हँडल कधी हातात धरलेलं नव्हतं.

गाडीला विमा होता, पण नुसता कायद्यानं सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा. तो रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी असतो. दुचाकीवर मागे बसलेल्या व्यक्तीला या साध्या विम्याचं संरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००६ सालीच स्पष्ट केलं आहे. गाडीच्या मालकासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा असतो. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १५ लाख रुपयांपर्यंतचा. पण विम्याच्या भाषेत त्या माणसाचं नाव आहे 'मालक-चालक', आणि त्याच्याकडे लायसन्स असावं लागतं. मालक म्हणजे चालक असणारच, हे गृहीत धरलेलं आहे. जी मालकीण चालवत नाही, चालवू शकत नाही, तिचा विचार त्या शब्दात नाही. मावशींच्या हाती काही आलं नाही.

आता कायद्याची दुसरी बाजू पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९९ अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हतं, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावर आणि मालकावर. मावशींच्या बाबतीत पालकही त्या आणि मालकही त्याच. शिवाय मुलाच्या गाडीखाली दुसरं कुणी आलं असतं, तर विमा कंपनी त्या माणसाला भरपाई देऊन ती रक्कम मावशींकडून वसूल करायला येऊ शकली असती. विनापरवाना मुलाच्या हाती गाडी दिली, हे कारण त्याला पुरतं.

म्हणजे हिशेब असा होतो: हप्ते बाईचे, गुन्हा बाईचा, वसुली बाईकडून, मार बाईच्या डोक्याला. आणि गाडी मुलाची! हा प्रश्न ट्रॅफिक पोलिसांचा नाही मैत्रिणींनो, आपलाच आहे.

नवशिक्यासाठी नियम काय आहेत, हे आपण नीट समजून घ्यायला हवं. गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं, तेही पालकांच्या संमतीनं. रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या बहुतेक १०० सीसीच्या वरच्या, त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातली मोटरसायकल जवळजवळ नेहमीच बेकायदा असते. आधी शिकाऊ लायसन्स, त्याची मुदत सहा महिने. किमान तीस दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्सची चाचणी. शिकाऊ असताना गाडीवर पुढे-मागे लाल रंगातलं 'एल' अक्षर हवं. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, शिकाऊ चालकाला मागे कुणालाही बसवता येत नाही. अपवाद फक्त लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्याचा. आई, बहीण, बायको, मैत्रीण, कुणीही नाही.

हा नियम किती जणींना माहीत आहे? मी गेल्या वर्षभरात ज्या ज्या बैठकीत विचारलं, तिथे एकही हात वर झाला नाही. उलट घराघरात रीतच अशी की, पोरानं गाडी शिकली की पहिली फेरी आईला मारून आणायची. हौसेनं आपण त्याच्या सरावाचं ओझं होतो.

ब्रिटनमध्ये शिकाऊ चालकाला आधी सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण घ्यावं लागतं. मगच १२५ सीसीपर्यंतची गाडी रस्त्यावर आणता येते आणि मागे कुणाला बसवता येत नाही. मोठ्या इंजिनाच्या गाड्या वयाच्या पायऱ्यांनी मिळतात. आपल्याकडे पक्कं लायसन्स हाती पडलं की दुसऱ्या दिवशी कितीही ताकदीची गाडी आणि मागे कुणीही. मधल्या पायऱ्या नाहीतच. त्या मागायला हव्यात.

आता हेल्मेटचं. १९८८ च्या कायद्यातच चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट सांगितलेलं आहे. अंमलबजावणी मात्र पुढच्या सीटपुरतीच होत राहिली. मुंबईत मागच्या सीटची सक्ती सुरू झाली ती जून २०२२ मध्ये. दिल्लीत तर कित्येक वर्षं बायकांना हेल्मेट ऐच्छिक होतं. तो नियम ऑगस्ट २०१४ मध्ये बदलला, तोही शीख स्त्रियांची सूट कायम ठेवून. गंमत पाहा, मागे बसणाऱ्या बाईची साडी चाकात अडकू नये म्हणून मागचं निम्मं चाक झाकणारी जाळी लावावी, असा नियम १९८९ पासून आहे. साडीगार्डची आठवण ठेवली गेली आणि डोकं विसरलं गेलं. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात हेल्मेट न घातल्यामुळे ५०,०२९ जणांचा जीव गेला. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. त्यात बायका किती, हे वेगळं मोजायला हवं.

"अंबाडा बसत नाही", "गजरा चुरगळतो", "जवळच तर जायचंय" ही कारणं आपणच देतो. पण घरात एकच हेल्मेट असेल तर ते कुणाच्या डोक्यावर जातं? घरातलं दूध, अंडं, औषध ज्या रांगेनं वाटलं जातं त्याच रांगेनं हेल्मेटही जातं.

कुणी म्हणेल, मग बायकांनीच गाडी शिकावी की. बरोबर आहे, पण ते सोपं नाही. मी स्वतः स्कूटी आरेच्याच रस्त्यावर शिकले. उपनगरातले कित्येक जण इथेच शिकले. झाडी, सावली, गर्दी कमी. रविवारी सकाळी आजही नवशिक्यांच्या गाड्या डुगडुगत जाताना दिसतात. तेव्हा माझ्या मनात आलं नव्हतं की हा रस्ता मोकळा नाही, तो २७ आदिवासी पाड्यांच्या दारातला रस्ता आहे. १९४९ मध्ये दूध वसाहत झाली त्याच्या आधीपासून ही माणसं इथे आहेत. आपलं सरावाचं मैदान म्हणजे त्यांच्या मुलांची शाळेची वाट.

लायसन्सच्या वेळी मी चार वेळा खेटे घातले. शेवटी एजंट केला. चाचणीच्या दिवशी आठचा आकडा पुरा व्हायच्या आत "झालं, व्हा पुढे" म्हणून मला पाठवण्यात आलं. मीही खूश झाले. आज ते आठवून लाज वाटते, कारण मी शिकले नव्हते, फक्त पास झाले होते. माझं हे, तर जिचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी, जिच्याकडे पत्त्याचा पुरावा धड नाही, तिनं काय करावं? शिकाऊ परीक्षा २०२१ पासून घरबसल्या ऑनलाइन देता येते, हे चांगलंच. पण घरातला मोबाइल कुणाच्या हातात असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आमच्या कार्यकर्त्यांचा एक आक्षेप असतो आणि तो मला मान्य आहे. नियम कडक झाले की पोलीस गरिबांच्या पोरांना अडवतात, दंडाच्या नावाखाली चिरीमिरी होते, मोठ्यांची पोरं सुटतात. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका सतरा वर्षांच्या मुलाच्या महागड्या गाडीनं मोटरसायकलवरच्या एका तरुणाचा आणि तरुणीचा बळी घेतला, आणि त्याला सुरुवातीला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला. हे आपण पाहिलं आहे. म्हणून मी नुसती 'सक्ती करा' असं म्हणत नाही. पण नियम अन्यायानं राबवला जातो, यासाठी नियमच नको म्हटलं तर मावशींचं डोकं कोण वाचवणार? मारहाणीची तक्रार पोलीस घेत नाहीत म्हणून आपण कायदा नको म्हणालो नाही. तो नीट राबवा म्हणालो.

आणि बाई या गाडीवर का बसते, तेही बोललं पाहिजे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कारशेडसाठी रातोरात झाडं कापली गेली तेव्हा आपण रस्त्यावर होतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आरेपासून भुयारी मेट्रो सुरू झाली. पण पाड्यावरून स्टेशनपर्यंत जायचं कसं? पहाटे कामावर निघणारी बाई एक तर अंधारातून चालते, नाही तर कुणाच्या तरी मागे बसते. दिवे आणि बस मागणं हीसुद्धा अपघात टाळण्याचीच मागणी आहे.

आमच्या गटांनी आता काही गोष्टी ठरवल्या आहेत. गाडीसाठी कर्ज हवं असेल तर चालवणाऱ्याचं लायसन्स आधी दाखवायचं, आणि दोन हेल्मेटची किंमत कर्जातच धरायची. विम्याचा कागद बैठकीत वाचायचा, मागे बसणाऱ्याचं संरक्षण त्यात आहे की नाही ते पाहायचं. ज्या बाईच्या नावावर गाडी, तिनं किंवा तिच्या मुलीनं ती शिकायचीच. लायसन्सचं शिबिर पाड्यावर भरवावं असा अर्ज आरटीओकडे दिला आहे, आणि शिकण्यासाठी वाहतुकीपासून वेगळी जागा मागितली आहे. कार्यकर्त्यांनीही, माझ्यासकट, विनापरवाना मुलाच्या मागे कुणालाही बसवायचं नाही. मग बैठक लवकर संपवावी लागली तरी चालेल.

या ठरावाच्या दिवशी मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, हप्ते मी भरले, डोकंही माझंच फुटलं. आता गाडी माझ्या पोरीला शिकवा." पोरगी एकोणीस वर्षांची आहे. तिचं शिकाऊ लायसन्स निघालं आहे. मोकळ्या जागेचा अर्ज मंजूर व्हायची वाट पाहतो आहोत, तोवर एका शाळेच्या पटांगणावर सराव चालतो.

तुमच्या गटात बचतीच्या कर्जावर किती गाड्या घेतल्या गेल्या, त्या कुणाच्या नावावर आहेत आणि चालवतं कोण, एवढी तीन प्रश्नांची नोंद करून आमच्याकडे जरूर पाठवा. पुढच्या अंकात ती एकत्र मांडू.