न तोडता मारलेली झाडे

आपल्या प्रशासनाला झाड तोडणे समजते, झाड मारणे समजत नाही. तोडण्यासाठी अर्ज असतो, शुल्क असते, पंचनामा असतो, शेवटी परवानगी किंवा नकार असतो. पण मुळे छाटून, माती दाबून, बुंध्याभोवती काँक्रीट ओतून जे झाड सावकाश मारले जाते, त्याची नोंद कोणत्याही नस्तीत होत नाही. दिल्ली, बंगळूर, भोपाळ, हैदराबाद, आपण जेथे कोठे वास्तव्य करून असाल तेथील एखाद्या रस्त्याचे काम नजरेसमोर आणावे. हा संहार अज्ञानामुळे कमी आणि आमच्या कार्यपद्धतीमुळे अधिक होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

झाडाची पाणी व पोषणद्रव्ये शोषणारी बारीक मुळे प्रामुख्याने जमिनीच्या वरच्या थरात असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. केबलसाठी चर खणणारा जेसीबी तासाभरात एका बाजूची सगळी मुळे उखडून टाकतो. खडीचे ढीग आणि मालमोटारी यांच्या भाराने मातीतील हवेच्या पोकळ्या मिटतात व मुळे गुदमरतात. सिमेंटचे धुवण जमिनीत मुरते ते वेगळेच. मात्र झाड त्या दिवशी मरत नाही. साठवलेल्या अन्नावर ते दोन-चार पावसाळे काढते, मग शेंडा वाळू लागतो, बुंध्याशी बुरशी दिसते. तोवर कंत्राटदाराचे अंतिम देयक अदा झालेले असते, दोष-दायित्वाचा कालावधी संपलेला असतो, अभियंत्याची बदली झालेली असते. मग त्याच झाडावर ‘धोकादायक’ असा शिक्का बसतो आणि ते रीतसर परवानगीने तोडले जाते. किंवा त्याआधीच वळवाच्या वादळात ते एखाद्या रिक्षावर कोसळते, माणूस दगावतो, आणि अहवालात कारण लिहिले जाते ‘नैसर्गिक आपत्ती’. ज्याची मुळे आपणच कापली, त्याच्या पडण्यात नैसर्गिक ते काय?

कायदा नाही, ही सबब टिकणारी नाही. दिल्लीच्या १९९४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात ‘झाड तोडणे’ या संज्ञेतच झाडाला अन्य कोणत्याही रीतीने इजा करणे समाविष्ट आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. तो आदेश फरसबंदीपुरता होता. आमच्या यंत्रणेने मात्र त्यातून सोयीचा अर्थ काढला की, एक मीटर सोडले म्हणजे पुढे हवे तेवढे खोदावे! किमान मर्यादा हीच कमाल मर्यादा मानण्याची ही जुनी सरकारी सवय आहे. ब्रिटनच्या २०१२ सालच्या मानकानुसार (बी.एस. ५८३७) बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे क्षेत्र मुळांसाठी राखून ठेवावे लागते. म्हणजे १ मीटर ९० सेंटीमीटर घेराच्या, सुमारे ६० सेंटीमीटर व्यासाच्या कडुनिंबासाठी सव्वासात मीटर. आपली माती व हवामान वेगळे असल्याने हे सूत्र जसेच्या तसे घ्यावे असे मी म्हणणार नाही. परंतु कोणत्याही सूत्राविना काम करणे हे त्याचे उत्तर नव्हे.

आता झाडांच्या तपासणीविषयी. खरी तपासणी करणारा वृक्षतज्ज्ञ जाती व घेर नोंदवून थांबत नाही. शेंड्याची मर, पानांची घनता, ढोली, बुंध्याशी उगवलेली बुरशी, झाडाचा कल, मुळाशी उचललेली किंवा भेगाळलेली माती हे सारे तो पाहतो. लाकडी हातोडीने ठोकून पोकळपणाचा अंदाज घेतो आणि शंका उरल्यास ध्वनिलहरींच्या यंत्राने आतील लाकूड तपासतो. आमच्याकडे बुंध्यावर रंगाने क्रमांक टाकला, फितीने घेर मोजला आणि शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द लिहिला की तपासणी पूर्ण. पोकळ म्हणजे धोकादायक, हिरवे म्हणजे सुदृढ, हा समजही चुकीचा आहे. भोवतीची लाकडाची भिंत पुरेशी जाड असेल तर पोकळ झाड दीर्घकाळ उभे राहते, आणि मुळे तुटलेले हिरवेगार झाड एका वादळात आडवे होते. शिवाय ही तपासणी होते ती आराखडा मंजूर झाल्यावर. हे वरातीमागून घोडे.

नुकसानभरपाईच्या योजना म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. महाराष्ट्राने २०२१ च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. हेतू चांगला, पण न तोडता मारलेल्या झाडाचे वय मोजणार कोण? दिल्लीने २०२० मध्ये पुनर्रोपणाचे धोरण आणले. २०२२ मध्ये दिल्ली सरकारनेच उच्च न्यायालयाला सांगितले की, पुनर्रोपित १६,४६१ झाडांपैकी सुमारे एक-तृतीयांशच जगली. पश्चिम बंगालमधील जेसोर रोडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने एका झाडाचे मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरले. तरीही २०२३ मध्ये तेथील ३५६ झाडांच्या तोडीची वाट मोकळी झाली. मोल ठरवल्याने झाड वाचत नाही. ते मोल कोणाच्या तरी देयकातून वजा व्हावे लागते.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला खर्चाचा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत घेरानुसार झाड तोडण्याचे दर आहेत. माझ्या नजरेखालून गेलेल्या निविदांत मात्र उभ्या झाडाच्या मुळांभोवती कुंपण घालण्याची स्वतंत्र बाब मला आढळली नाही. ज्या कामाला दर नाही ते काम कोणताही कंत्राटदार करणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. दुसरा आक्षेप तज्ज्ञ नसल्याचा. डेहराडूनची वन संशोधन संस्था आणि देशभरातील कृषी विद्यापीठे असताना हे म्हणणे म्हणजे मागणीच न नोंदवता पुरवठा नाही अशी तक्रार करणे होय.

माझ्या मते पुढील पाच गोष्टी एका शासन निर्णयाने साध्य होतील.

१) आराखड्यापूर्वी स्वतंत्र तज्ज्ञाकडून वृक्षतपासणी, आणि प्रत्येक झाडाचे मूळक्षेत्र नकाशावर.
२) मूळक्षेत्राचे कुंपण, हाताने खोदकाम व मुळांखालून नळ नेणे या निविदेतील सशुल्क बाबी.
३) कुंपणाचे छायाचित्र मोजमाप पुस्तिकेत लागल्याखेरीज पहिले देयक नाही.
४) अनामत रकमेचा एक भाग तीन पावसाळ्यांपर्यंत राखीव, आणि झाडे जगल्यासच परत.
५) झाड पडून मृत्यू झाल्यास मागील पाच वर्षांत तेथे कोणी खोदले याची सक्तीची चौकशी.

यातील पाचवी सूचना सर्वात अप्रिय ठरेल, कारण तीत झाडाचा नव्हे तर सहीचा शोध आहे. अनेक पिढ्यांना सावली देणारे झाड मारण्यास आज एकाही सहीची गरज पडत नाही. ती गरज निर्माण करणे हे वृक्षप्रेमींचे काम नाही. ते प्रशासकांचे आहे, आणि ते आम्ही टाळत आलो आहोत.