प्लेसमेंट... पण जाहिरातींची!

आपल्या कॉलेजात 'प्लेसमेंट' म्हटलं की फायनल इयरवाल्यांचे चेहरे गंभीर होतात आणि इस्त्रीचे शर्ट बाहेर निघतात. पण मित्रांनो, आणखी एक प्लेसमेंट रोज आपल्या डोळ्यांदेखत चालू असते. आपण सर्च इंजिनमध्ये दोन शब्द टाइप करतो, पानाच्या माथ्यावर कोण बसणार याचा लिलाव डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतो आणि आपण गुणी बाळासारखे वरच्या लिंकवर क्लिक करून मोकळे होतो. माझं म्हणणं एवढंच आहे : जाहिरात जरूर असू द्या, पण ती जाहिरात आहे हे घाईत असलेल्या, चष्मा विसरलेल्या माणसालाही कळलं पाहिजे.

आता कोणी म्हणेल, "आपण काय अडाणी आहोत का? चांगलं असेल तेच उघडतो." खरंच? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात संशोधकांनी आपल्यासारख्याच कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. मुलं पडद्यावर कुठे बघतात हे यंत्राने टिपलं आणि काही जणांना गूगलचे निकाल मुद्दाम उलटसुलट क्रमाने दाखवले. तरीही मुलांचा ओढा वरच्या लिंककडेच राहिला, ती कमी उपयोगाची असली तरी! म्हणजे आपण मजकुरावर जितका विश्वास ठेवतो, तितकाच जागेवरही ठेवतो. एकदा हे कळलं की वरच्या जागेला भाव का येतो ते वेगळं सांगायला नको.

हा भाव लावायची कल्पना गोटू डॉट कॉम या कंपनीने १९९८ मध्ये बाजारात आणली. जो जास्त पैसे देईल तो वर! त्यांचं एक मात्र मानलं पाहिजे. जाहिरातदार क्लिकमागे किती पैसे मोजतोय, तेही लिंकपाशी छापलेलं असायचं. सगळा उघड मामला. गूगलने २००० साली अ‍ॅडवर्ड्स सुरू केलं आणि २००२ मध्ये लिलावात एक हुशार बदल केला : नुसती बोली बघायची नाही, लोक किती वेळा क्लिक करतात तेही बघायचं. समजा 'लॅपटॉप दुरुस्ती' या शब्दांसाठी एका दुकानदाराची बोली क्लिकमागे २० रुपये आहे, पण शंभरातले दोघेच त्याच्या जाहिरातीवर क्लिक करतात. कमाई ४० रुपये. दुसऱ्याची बोली १२ रुपये, पण क्लिक करणारे पाच. कमाई ६० रुपये. वर कोण बसणार? दुसरा! आज या हिशोबात आणखी बऱ्याच गोष्टी धरतात, पण मूळ सूत्र हेच. गणित सुंदर आहे, वादच नाही. मात्र त्यातून एक मोह जन्माला येतो. क्लिक वाढले की कमाई वाढते, आणि क्लिक वाढवायचा सोपा उपाय म्हणजे जाहिरात जाहिरातीसारखी दिसूच द्यायची नाही.

इतिहास बघा. पूर्वी गूगलच्या पानावर वरच्या जाहिरातींमागे फिकट रंगाचा पट्टा असायचा. २०१३ मध्ये तो गेला आणि त्या जागी 'अ‍ॅड' लिहिलेली छोटी पिवळी चौकट आली. २०१६ मध्ये डेस्कटॉपवर उजव्या बाजूच्या जाहिराती बंद झाल्या आणि काही शोधांना वरच चार-चार दिसू लागल्या. त्याच वर्षी पिवळी चौकट हिरवी झाली, पुढच्या वर्षी हिरव्याची नुसती रेघ उरली. २०२० च्या जानेवारीत डेस्कटॉपवर काळ्या अक्षरांत 'अ‍ॅड' आणि बाकीच्या लिंकांपुढे त्या-त्या साइटचं चिन्ह आलं. तेव्हा लोकांनी इतकी ओरड केली की कंपनीला ती चिन्हं मागे घेऊन पुन्हा विचार करावा लागला. २०२२ पासून 'स्पॉन्सर्ड' हा शब्द आला. एकेक बदल चिमूटभर, पण बेरीज करा! आपल्याकडे २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर 'पेड न्यूज'वरून केवढा गदारोळ झाला. जाहिरातीने बातमीचे कपडे घातले म्हणूनच ना? मग इथे वेगळं काय आहे?

यात नुकसान फक्त आपलंच नाही, दुकानदाराचंही आहे. ईबे कंपनीने २०१२ मध्ये स्वतःच्याच नावावरच्या जाहिराती काही सर्च इंजिनांवर बंद करून पाहिल्या. जाहिरातीतून येणाऱ्या क्लिकपैकी ९९.५ टक्के क्लिक खालच्या फुकटच्या लिंकवरून आपोआप आले! ज्याला ईबेवरच जायचं होतं तो गेलाच असता, मध्ये फक्त टोलनाका बसवला होता. ईबे मोठी, तिला प्रयोग परवडतो. लहान धंदेवाल्याने स्वतःच्या नावावर बोली लावली नाही, तर प्रतिस्पर्धी तिथे येऊन बसेल. म्हणजे आपल्याच पाटीसाठी हप्ता भरायचा. असंच एक प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरला की लगेच भंग होतो असं नाही. पण त्यातून ग्राहकाचा गोंधळ होत असेल तर 'आम्ही निव्वळ मध्यस्थ' म्हणून गूगलला हात वर करता येणार नाहीत.

दुसरी बाजूही मान्य करू. सर्च फुकट मिळतं, सर्व्हर काही हवेवर चालत नाहीत, आणि कधीकधी जाहिरातीतलीच वस्तू आपल्याला हवी असते. पण जाहिरात इतकी कामाची असेल तर तिने ठळक पाटी लावायला लाजायचं कशाला? गंमत म्हणजे, जाहिरातींवर जगणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणारच, असा इशारा १९९८ मध्ये ब्रिन आणि पेज या गूगलच्या जनकांनीच आपल्या शोधनिबंधात दिला होता.

होस्टेलवर बसून आपण गूगल बदलू शकत नाही, कबूल. पण फॉर्म, फी आणि बँक यांसाठी पत्ता स्वतः टाइप करणं, कस्टमर केअरचा नंबर बिलावरून किंवा कार्डामागून घेणं आणि 'स्पॉन्सर्ड' हा शब्द घरी आई-बाबांना एकदा दाखवून ठेवणं हे जमण्यासारखं आहे. कारण फसव्या नंबरांच्या जाळ्यात सापडतात ते बहुतेक वेळा घाईत असलेले साधे लोक.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. ती चौकट पिवळी ठेवायची की पुसायची, हे आकाशातून ठरत नाही. कुठल्यातरी ऑफिसात आपल्यासारखाच कोणी इंजिनिअर दोन डिझाइन चालवतो, कशावर जास्त क्लिक पडले ते मोजतो आणि जास्तवालं निवडतो. उद्या त्या खुर्चीत आपल्यापैकी कोणी असेल. तेव्हा क्लिक किती वाढले हे मोजताना, त्यातल्या किती जणांना ती जाहिरात आहे हे ठाऊक होतं, हेही मोजा. तो आकडा साहेबांनी मागितला नसला तरी!